अभ्यास कसा करावा आणि घराने त्याला काय द्यावं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षं झाली सोसायटीला. या निमित्ताने गुणवंत मुलांचा सत्कार झाला, आनंद वाटला. ज्यांना बक्षीस मिळालं त्यांचं मनापासून अभिनंदन. पण खरं सांगायचं तर मी आज त्यांच्यासाठी फारसं बोलणार नाही, त्यांचं बरं चाललंय. मागच्या खुर्च्यांवर काही मुलं बसली आहेत, ज्यांची नावं यादीत नाहीत. कुणाला एटीकेटी लागली आहे, कुणी कसाबसा काठावर पास झाला आहे. माझं बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आहे.

मागच्या निकालानंतर आपल्याच इमारतीतला एक मुलगा मला जिन्यात भेटला. दोन विषय राहिले होते. म्हणाला, "आजोबा, सगळं चार-चार वेळा वाचलं होतं. पेपर हातात आला आणि डोकं एकदम ब्लँक. माझं डोकंच चालत नाही. कॉलेज सोडतो आणि कुठेतरी नोकरीला लागतो." नोकरी करण्यात काही कमीपणा नाही. पण विसाव्या वर्षी "माझं डोकंच चालत नाही" असं स्वतःबद्दल ठरवून कॉलेज सोडणं ही फार महाग गोष्ट आहे. मी त्याला विचारलं, "चार वेळा वाचलंस, ठीक. पुस्तक मिटून एकदा तरी लिहून पाहिलंस का?" तो म्हणाला, "नाही, लिहायला वेळच नव्हता." त्याच्या डोक्यात काही दोष नव्हता, पद्धतीत होता. पद्धत बदलता येते.

पहिली गोष्ट ही समजून घ्या, की वाचणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत आपल्याला वाचायला कुणी सांगत नाही, आठवून लिहायला सांगतात. मग सराव कशाचा करायचा? आठवण्याचा. आपण काय करतो? तेच पान पुन्हा वाचतो, पिवळ्या-हिरव्या पेनाने रेघा मारतो. दुसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचं वाटतं आणि "हे मला येतं" असं समाधान होतं. फेरीबोटीत रोज दिसणारा माणूस ओळखीचा वाटतो, पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसंच हे आहे.

यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मुलांनो, तुमची परीक्षा वाचल्यानंतर पाच मिनिटांनी नसते. म्हणून आदल्या रात्री वाचलेलं "सगळं येतंय" असं वाटतं आणि आठवड्यापूर्वी वाचलेला धडा मात्र गायब झालेला असतो.

पुढे २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रेघा मारणं या दोन्ही कमी उपयोगाच्या यादीत गेल्या. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दोन : स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं. आपल्या पिढीतल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. आम्ही पाढे कसे शिकलो? घरातलं कुणीतरी मोठं माणूस समोर बसवायचं आणि मधूनच विचारायचं, "सतरा सक्कं?" पुस्तक हातात नसायचं. रोज संध्याकाळी, दिवा लावल्यावर. स्वतःची परीक्षा आणि दररोज थोडं थोडं, दोन्ही त्यात होतं.

आता हे करायचं कसं ते सांगतो. एखादं प्रकरण घेतलं की एकदा नीट, समजून वाचा. न समजता पाठ करू नका, ती घोकंपट्टी तिसऱ्या ओळीला अडकते. मग पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, अक्षर कसंही असू दे, वाक्यं पूर्ण नसली तरी चालतील. मग पुस्तक उघडा आणि जे सुटलं ते लाल पेनाने त्याच कागदावर लिहा. तो लाल भाग म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास. जे काळ्या शाईत आलं त्यावर परत वेळ घालवू नका. पहिल्यांदा कागद सगळा लाल दिसेल आणि वाईट वाटेल. वाटू द्या. घरच्या कागदावर चुकलेलं कुणी मोजत नाही.

मी स्वतः बँकेत असताना सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा दिली. तेव्हाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची ही परीक्षा पास झाली की पगारवाढ मिळायची, म्हणून शाखेत सगळेच फॉर्म भरायचे. दिवसभर काउंटर, संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत हलता यायचं नाही. अभ्यासाला वेळ मिळायचा तो लोकल ट्रेनमध्ये. मी जुन्या कॅलेंडरची पानं कापून पत्त्यांएवढे तुकडे केले होते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ यातली कलमं अशीच पक्की केली. कलम ८५ आणि कलम १३१ यांत सगळ्यांचा गोंधळ व्हायचा, कारण दोन्ही बँकेला संरक्षण देणारी. ८५ हे ऑर्डर चेकचे पैसे देणाऱ्या बँकेला आणि १३१ हे ग्राहकासाठी क्रॉस्ड चेक वसूल करणाऱ्या बँकेला. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी वाचली की दोन्ही सोपी वाटायची. तुकडे पिसून एकामागे एक यायला लागले तेव्हा फरक डोक्यात बसला. म्हणून सांगतो, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र घेऊन बसा. अकाउंट्सची उदाहरणं असोत की गणितं, एकाच प्रकारची वीस ओळीने सोडवू नका. मिसळून सोडवा. पेपरात कुठलं गणित कुठल्या रीतीने सोडवायचं हे वर लिहिलेलं नसतं, ते ओळखण्याचाही सराव लागतो.

तुम्ही मनोरीची मुलं. जेटीवर थांबा, फेरीबोटीने मार्व्याला उतरा, तिथून मालाड स्टेशनची बस किंवा रिक्षा आणि मग गाडी. दिवसाचे दोन-तीन तास असे जातात. शहरातल्या मुलांकडे हे तास जास्तीचे असतात, याबद्दल तक्रार करायला जागा आहे आणि ती मी ऐकतो. पण त्या वेळात नवीन अवघड धडा वाचायला घेऊ नका, बोटीत आणि गर्दीत तो डोक्यात शिरणार नाही. तो वेळ आठवण्याला द्या. खिशात दहा-पंधरा तुकडे ठेवा. किंवा तेही नको, मैत्रिणीला म्हणा, "मला कालचं विचार." मार्वे येईपर्यंत दोन प्रश्न झाले तरी महिन्याभरात किती होतात ते मोजून पाहा.

दुसरी गोष्ट विभागून अभ्यास करण्याची. हर्मन एबिंगहाउस नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा हिशेब मांडला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि मग किती विसरलं ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून अधिक जायचं, पुढे विसरण्याचा वेग मंदावायचा. अर्थ समजलेली गोष्ट इतक्या वेगाने जात नाही, पण जाते. तेव्हा विसरणं हा बुद्धीचा दोष नाही, सगळ्यांचंच होतं. उपाय म्हणजे पूर्ण विसरण्याच्या आत पुन्हा आठवायचं. आज शिकलेलं परवा, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वेळ लागतो.

बँकेतला माणूस असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. समजा पाच विषय आहेत आणि प्रत्येकाचे चार भाग. म्हणजे वीस भाग. परीक्षेला दहा आठवडे आहेत, म्हणजे सत्तर दिवस. त्यातले दहा दिवस आधीच बाजूला काढा. आपल्याकडे गणपती येतात, नवरात्र येतं, नाताळ येतो, घरात कुणी आजारी पडतं, पावसात बोट बंद होते. ते दिवस अभ्यासाचे धरले की वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोसळतं आणि मग कुणी त्याच्याकडे बघत नाही. उरले साठ. वीस भागांना प्रत्येकी दोन दिवस, चाळीस दिवसांत पहिली फेरी. उरलेल्या वीस दिवसांत रोज एक भाग, ही दुसरी फेरी, आणि ती जुने पेपर सोडवून. शिवाय पहिल्या दिवसापासून रोज रात्री अर्धा तास मागचं आठवायला, परवाचं आणि मागच्या आठवड्याचं. दिवसाला तीन तास मिळाले तरी हे बसतं. रिकरिंग डिपॉझिटसारखं आहे, हप्ता लहान असला तरी चालतो, चुकवायचा मात्र नाही. शेवटच्या आठवड्यात सगळी रक्कम एकदम भरायची म्हटली तर कुणालाच जमत नाही.

विषयांचा क्रम ठरवताना आवडता विषय आधी घेऊ नका. सगळ्यात जास्त भीती वाटते तो विषय सकाळी, डोकं ताजं असताना. तासभर अभ्यास झाला की दहा मिनिटं उठा, पाणी प्या, गच्चीवर जा. फोन घेऊन बसू नका, कारण फोनची दहा मिनिटं कधीच दहा नसतात. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत किंवा आईकडे. आणि आईनेही तो तेवढा वेळ बघू नये, ही माझी विनंती.

जुने पेपर मिळवा. कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात, वरच्या वर्गातल्या मुलांकडे असतात, झेरॉक्सवाल्याकडेही सापडतात. आधी सध्याच्या अभ्यासक्रमाशी जुळतात का ते पाहा, कारण पॅटर्न बदलत राहतो. मग घड्याळ लावून सोडवा. पेपर साठ गुणांचा आणि दोन तासांचा असेल तर एकशेवीस मिनिटं. पाच मिनिटं प्रश्न वाचायला आणि पाच शेवटी तपासायला ठेवली तर एकशेदहा उरतात. म्हणजे पंधरा गुणांच्या प्रश्नाला सत्तावीस मिनिटं. तेवढी झाली की जागा सोडून पुढे जायचं. पहिला प्रश्न सुंदर लिहिण्यात पाऊण तास घालवून शेवटचा कोरा सोडणारी हुशार मुलं नापास होतात. कोऱ्या पानाला कुणी गुण देऊ शकत नाही.

झोपेबद्दल. रात्र-रात्र जागणं म्हणजे अभ्यास, अशी एक समजूत आहे. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबॅक या दोघांनी प्रयोग केला. पाठ केल्यावर झोपलेल्याला पुढे जास्त आठवलं आणि तेवढाच वेळ जागं राहिलेल्याला कमी. त्यांच्या प्रयोगात दोनच विद्यार्थी होते, पण त्यानंतर शंभर वर्षांत झालेल्या पुष्कळ अभ्यासांनी झोपेचं महत्त्व पुन्हा दाखवलं आहे. तेव्हा आदल्या रात्री झोपा. आणि परीक्षेच्या दिवशी नेहमीच्या दोन बोटी आधीची बोट पकडा. पावसाळा असेल आणि समुद्र खवळलेला असेल तर गोराई-उत्तनवरून भाईंदरचा रस्ता लांब पडतो, त्याचा वेळ आधी धरा. हॉलतिकीट, पेन, घड्याळ आदल्या रात्री बॅगेत.

आता मोठ्या माणसांकडे वळतो. कारण हे सगळं करायला एक जागा लागते आणि थोडी शांतता लागते, आणि ती मुलं स्वतः निर्माण करू शकत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं विद्यार्थीदशेतलं घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. माणसं, सामान, स्वयंपाक सगळं तिथेच. त्यांच्या वडिलांनी, सुभेदार रामजींनी, एक व्यवस्था लावली. मुलाला लवकर झोपवायचं आणि रात्री दोन वाजता उठवायचं, म्हणजे घर शांत असताना त्याला वाचता येईल. यात लक्षात घ्या, मुलाची झोप कापली नाही, तिची वेळ बदलली. आणि उठवण्यासाठी वडील स्वतः जागे राहत. दिवसा जागा नाही म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिलं, ओळख वाढवली, पुस्तकं दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या वेळी केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळण्यातही त्यांचाच हात होता. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. बुद्धी त्यांचीच होती. पण रात्री उठवणारे एक वडील होते आणि बागेत विचारपूस करणारे एक गुरुजी होते.

वरळीला अभ्यास गल्ली आहे, आपल्यातल्या काहींनी पाहिली असेल. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात सगळं कुटुंब. मग मुलं रस्त्याच्या दिव्याखाली येऊन अभ्यासाला बसायला लागली. पिढ्यान् पिढ्या बसली, म्हणून त्या गल्लीला लोकांनीच ते नाव दिलं. एक शांत रस्ता, दिवा आणि बसायला जागा, एवढ्यावर कितीतरी घरांतून पहिला पदवीधर निघाला. आणखी एक गोष्ट तिथे होती, शेजारी दुसरा कुणीतरी वाचत बसलेला असायचा. एकट्याला कंटाळा येतो, चौघे बसले की उठायची लाज वाटते.

आपल्याकडे काय आहे? सोसायटीचं ऑफिस आहे. संध्याकाळी सात ते दहा ते कुलूपबंद असतं. आत टेबल आहे, ट्यूबलाइट आहे, पंखा आहे, आठ-दहा खुर्च्या आहेत. माझा प्रस्ताव असा, की परीक्षेपूर्वीचे सहा आठवडे, वर्षातून दोनदा, हे ऑफिस अभ्यासिका म्हणून आपल्या मुलांना उघडं ठेवावं. मी हे आधी काही सभासदांशी बोललो आहे, त्यांच्या शंकाही सांगतो. एक शंका, तिथे सोसायटीचं रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड लोखंडी कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. दुसरी, मुलं गप्पा मारत बसतील. मारतील, पहिले दोन दिवस. म्हणून आम्ही निवृत्त मंडळींनी पाळी लावून तिथे पेपर वाचत बसायचं, मी सोमवार आणि गुरुवार घेतो. तिसरी, विजेचं बिल. एक ट्यूबलाइट आणि एक पंखा तीन तास चालला तर किती युनिट पडतात ते आपण सगळे काढू शकतो, दिवसाला अर्धं युनिटही होत नाही. चौथी, बाहेरची मुलं येतील. नावांची यादी दारावर लावू. आणि गावातलं एखादं गरजू पोर आलंच, तर त्याला परत पाठवायचं की खुर्ची द्यायची हे त्या वेळी जो तिथे बसलेला असेल त्याने स्वतःच्या मनाला विचारावं.

याखेरीज दोन लहान विनंत्या. परीक्षेच्या काळात आवारातल्या कार्यक्रमांचा लाउडस्पीकर नऊला बंद करावा. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा बंदच ठेवावा लागतो, आपण एक तास आपल्या मनाने द्यावा. आणि जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत घालण्याआधी ऑफिसातल्या एका फळीवर आणून ठेवावीत. हा विषय मी लेखी स्वरूपात सेक्रेटरींकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा आणि आपण हात वर करावा, एवढी अपेक्षा.

पालकांना शेवटचं एक सांगतो. निकालाच्या दिवशी "किती पडले?" हे सगळेच विचारतात. अभ्यास चालू असताना "आज काय शिकलास, मला सांग बरं" हे विचारत जा. तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. मुलाला तो तुम्हाला समजावून सांगता आला तर समजा त्याला कळला, आणि अडखळला तर कुठे अडखळतोय ते त्याचं त्यालाच दिसेल. त्यासाठी आईवडील पदवीधर असायची गरज नाही.

जिन्यात भेटलेला तो मुलगा आज इथे आहे, त्याच्याकडे बघून त्याला अवघडवत नाही. त्याने कॉलेज सोडलेलं नाही, राहिलेल्या दोन विषयांचे फॉर्म भरले आहेत आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे लाल-काळ्या शाईचा एक कागद आणून दाखवतो. निकाल काय लागेल ते मला सांगता येणार नाही. पण लाल शाई कमी होत चालली आहे, एवढं मी बघतो आहे.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.